मोठे चाक आणि कापलेले मडगार्ड

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकात गाडीच्या टायरवर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. संपादक मंडळातील माझ्या मित्राने तर सरळ विचारले, "अरे, तुला एखादा ललितलेख, एखादे प्रवासवर्णन सुचत नाही का?" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु ज्या विषयावरून गेले वर्षभर आमच्या घरात वाद चालला आणि ज्याच्यापायी एका पावसाळी रात्री सहा माणसांचा जीव टांगणीला लागला, त्या विषयाला वैचारिक म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? शिवाय आपल्यापैकी कितीतरी विद्यार्थी आतल्या पाड्यांवरून जीपमध्ये दाटीवाटीने बसून महाविद्यालयात येतात. ज्या चाकांवर आपण बसून येतो त्यांचा विचार आपल्याला वर्ज्य असू नये, असे मला वाटते.

लेखाला निमित्त झाले ते आपल्या कॅन्टीनमधील एका वादाचे. कोणीतरी मोबाइलवर एका थार गाडीचे छायाचित्र दाखवले. गाडी उंच केलेली, टायर असे की पुढचे मडगार्ड कापून त्यांना वाट करून दिलेली. सारे जण "वा, वा" म्हणू लागले. मी म्हटले, "हे मडगार्ड कापणे म्हणजे अर्धवट काम आहे." त्यावर एकाने मला "तू फक्त एसटीने फीर" असे सुनावले. त्या वेळी मी गप्प बसलो. आज सविस्तर उत्तर देत आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य करतो. मोठ्या चाकाचा हव्यास खुळा नाही, आणि तो आजचाही नाही. माझ्या आजोबांच्या लाकडी बैलगाडीचे चाक मी शाळेत असताना माझ्या छातीला लागत असे. इतके मोठे चाक कशाला, असे मी विचारले तर आजोबा म्हणायचे, "चाक मोठे तर खड्डा लहान." किती सोपे आणि किती खरे! लहान चाक खड्ड्यात पूर्ण उतरते आणि समोरच्या कडेला आपटते. मोठे चाक त्याच खड्ड्याच्या दोन्ही काठांना धरून पलीकडे जाते. ज्या मुलखात चार महिने वाटेचा ओढा होतो, तिथल्या माणसाला हे शिकवायला इंजिनिअर लागत नाही. पुढे रबरी टायरची डनलॉप गाडी आली. ती डांबरी रस्त्यावर बैलांना हलकी जाई, ओझेही जास्त घेई. पण खाचरातल्या चिखलात रुतली की आजोबांना जुन्या चाकाची आठवण येई.

मात्र आजोबांच्या गाडीत आणखी एक गोष्ट होती, जी मला फार उशिरा कळली. सुताराने ते चाक आधी धरले होते आणि गाडी मागून बेतली होती. आस किती लांब, साटी किती रुंद, जू किती उंचीवर, हे सारे चाकाच्या मापाने ठरले होते. चाकाला जागा करून देण्यासाठी त्याला नंतर काहीही कापावे लागले नाही. माझा सगळा लेख या एका वाक्यावर उभा आहे.

आता जीपकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलीज कंपनीने जी जीप बनवली, तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर अवघे ८० इंच होते आणि टायर ६.००–१६ या मापाचे, म्हणजे आजच्या मानाने चांगलेच अरुंद होते. अरुंद टायर पातळ चिखल कापतो आणि खालच्या घट्ट जमिनीवर टेकतो. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीने स्वातंत्र्यानंतर मुंबईत याच जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे पिढ्यान् पिढ्या तिचेच वंशज आपल्याकडच्या वनखात्यापासून गवताच्या व्यापाऱ्यापर्यंत सर्वांच्या दारात उभे राहिले. आमच्या काकांकडे असलेली पाचशे चाळीस मॉडेलची जीप याच घराण्यातली. काका तिचे तिसरे की चौथे मालक. तिच्यातून चिकू जातात, गवताचे भारे जातात, लग्नाचे वऱ्हाड जाते, आणि रात्री-अपरात्री पाड्यावरचा आजारीही जातो. आमचा पाडा तलासरी तालुक्यात, मुंबई–अहमदाबाद महामार्गापासून सात-आठ किलोमीटर आत आहे. शेवटचे दोन किलोमीटर रस्ता म्हणायचा तो केवळ सवयीने.

गेल्या वर्षी मे महिन्यात काकांना कोणीतरी लहान ट्रकचे ७.५०–१६ मापाचे चार टायर स्वस्तात देऊ केले. जीपच्या मूळ टायरची उंची साधारण ७३ सेंटिमीटर, यांची साधारण ८०. काकांनी ते घेतले. महामार्गालगतच्या एका गॅरेजात गाडी नेली. टायर चढले खरे, पण स्टिअरिंग पूर्ण वळवले की पुढचा टायर मडगार्डच्या मागच्या कडेला घासू लागला. मिस्त्री म्हणाला, "काका, काळजी नको, त्याला जागा करून देतो." त्याने गॅसकटर पेटवला आणि पंधरा मिनिटांत दोन्ही मडगार्डांना अर्धचंद्र पाडले. स्टिअरिंग फिरवून दाखवले. कुठेही घासत नव्हते. काका खूश झाले. मीही खूश झालो, हे इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जीप कशी रुबाबदार दिसू लागली होती! पाड्यावरची पोरे तिच्यामागे धावली.

मित्रहो, इथेच आमची फसगत झाली. मोकळी गाडी, सपाट फरशी, आत कोणी नाही, अशा स्थितीत मोजलेली जागा ही जागाच नव्हे. गाडीत दहा माणसे बसली की पाटे दबतात आणि मडगार्ड खाली येते. खड्ड्यात एक चाक वर उचलले जाते. त्यातच वळण आले की चाक एकाच वेळी वरही जाते आणि वळतेही. खरी कसोटी त्या क्षणाची आहे. ही गोष्ट मला पुढे एका वयस्क मिस्त्रीने समजावून दिली. त्याची रीत अशी: एक पुढचे चाक आणि त्याच्या विरुद्ध बाजूचे मागचे चाक ओट्यावर चढवायचे, गाडीत नेहमीइतके वजन भरायचे, टायरला ओला खडू फासायचा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे. जिथे जिथे खडू उमटेल तिथे तिथे टायर लागतो. मग टायर केवळ मडगार्डलाच लागतो असे नव्हे, तर पाट्याला लागतो, चासीला लागतो, बंपरच्या कोपऱ्याला लागतो, ब्रेकच्या रबरी नळीलासुद्धा लागतो, हे दिसून येते. पाटा किंवा चासी काही कापता येत नाही.

मग उपाय काय? उपाय आहेत, पण प्रत्येक उपाय आपली किंमत वसूल करतो. पाटे वाढवून किंवा स्प्रिंगखाली ठोकळे घालून गाडी उंच करता येते. परंतु गाडी उंच झाली की वळणावर कलू लागते, प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याचे क्रॉस लवकर खलास होतात, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात आणि स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बदलून गाडी सरळ रस्त्यावरही इकडे-तिकडे पळू पाहते. चाके बाहेरच्या बाजूला सरकवता येतात. तेव्हा बेअरिंगवर ताण येतो आणि स्टिअरिंग जड होते. पाटा किती वर जावा हे ठरवणारे रबर जाड करता येते. मग चाक घासत नाही, पण हादरे थेट पाठीच्या कण्यात जातात. स्टिअरिंगचे वळणच कमी करून टाकता येते. तेव्हा अरुंद वाटेवर गाडी वळवताना तीनदा मागे-पुढे करावे लागते. यांपैकी काहीच न करता फक्त मडगार्ड कापणे हा सर्वांत स्वस्त उपाय. स्वस्त एवढ्याचसाठी, की त्याची किंमत त्या दिवशी मागितली जात नाही.

आणि एवढे करून मिळते किती? सात सेंटिमीटर मोठे टायर बसवले म्हणजे गाडीचे पोट सात सेंटिमीटर वर गेले, असे आम्ही धरून चाललो होतो. तसे नसते. चाकाची वाढ निम्मी आसाच्या वर जाते आणि निम्मी खाली. डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून साडेतीन सेंटिमीटरच वर जातो. साडेतीन सेंटिमीटर म्हणजे दोन बोटांची रुंदी! या दोन बोटांसाठी बाकी काय काय बदलते तेही पाहू. मोठे चाक एका फेऱ्यात अधिक अंतर कापते. काटा पन्नास दाखवतो तेव्हा जीप पंचावन्नने पळत असते. इंजिनाचा जोर तोच, पण चाकाचा व्यास वाढल्यामुळे जमिनीवर पडणारी ओढ जवळजवळ नऊ टक्क्यांनी घटते. म्हणजे ज्या चढावासाठी टायर घेतले त्याच चढावावर पहिला गिअर अपुरा पडू लागतो. ब्रेकचेही तसेच. पायाने तेवढाच दाब दिला तरी जमिनीवरची पकड त्याच प्रमाणात कमी. त्यातून चाक जड, म्हणून थांबायला अंतर अधिक लागते. आमच्या जीपचे रिमही त्या टायरच्या मानाने अरुंद होते, त्यामुळे टायर बाजूंनी फुगलेला दिसे.

आता त्या रात्रीविषयी. जुलै महिना होता. शेजारच्या घरातील सुनेला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येणार होती, तिथपर्यंत नेण्याचे काम काकांच्या जीपचे. गाडीत काका, मी, ती बाई, तिची सासू, आशाताई आणि तिचा नवरा. मागे अंथरूण, पाण्याचे कॅन, घरातले सामान. ओढ्याच्या उताराला वळण आहे. काकांनी स्टिअरिंग वळवले त्याच वेळी डावे चाक खड्ड्यातून वर उसळले आणि मडगार्डच्या कापलेल्या कडेवर चढले. गॅसने कापलेली ती कड मिस्त्रीने दुमडली नव्हती की घासलीही नव्हती. ती करवतीसारखी होती. टायरची बाजू वीतभर फाटली, गाडी डावीकडे ओढली गेली आणि शेताच्या बांधाला जाऊन टेकली. बांध नसता तर पुढे ओढा होता.

पुढची गंमत ऐका. गंमत म्हणायची ती आज. राखीव चाक होते ते जुन्याच मापाचे. मोठा पाचवा टायर घेण्याइतके पैसे काकांकडे नव्हते. ते लहान चाक पुढे चढवले, तर जीप एका बाजूला कलली आणि स्टिअरिंग त्या बाजूला ओढू लागले. पुढच्या दोन चाकांची मापे वेगळी असताना चिखलात चारही चाकांचा जोर लावणे धोक्याचे. आतले दाते एकमेकांशी झगडतात. म्हणजे ज्या ताकदीसाठी जीप घ्यायची आणि जिला अधिक ताकद यावी म्हणून टायर बदलायचे, तीच ताकद ऐन वेळी वापरता येईना! दोनशे पावले गेल्यावर मागची चाके जागीच फिरू लागली. अखेर चादरीची झोळी केली, बांबू घातला, आणि आम्ही चौघांनी आळीपाळीने तिला डांबरापर्यंत नेले. पाऊस पडतच होता. देवाची कृपा, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण प्रत्येक पावसाळ्यात वर्तमानपत्रांत झोळीची जी बातमी येते आणि आपण हळहळून पान उलटतो, तिचा बांबू मी त्या रात्री खांद्यावर घेतला. तेव्हापासून मडगार्ड हा शब्द मला साधा वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी घरात वाद पेटला. काकू म्हणाल्या, "टायरने घात केला." काका म्हणाले, "रस्त्याने घात केला. रस्ता असता तर मी कशाला टायर बदलले असते?" माझे मत असे, की दोघांचेही बरोबर आहे, आणि म्हणूनच या प्रश्नाकडे नीट पाहिले पाहिजे.

टायर मोठा असणे हे पाप नाही. याचा पुरावा म्हणजे थार हीच गाडी, जी नाशिकच्या कारखान्यात तयार होते. २०२० साली आलेल्या थारच्या काही प्रकारांना कंपनीकडूनच २५५/६५ आर १८ मापाचे टायर येतात. हिशेब केला तर त्यांची उंची सुमारे ७९ सेंटिमीटर भरते, म्हणजे काकांच्या त्या राक्षसी टायरपेक्षा जेमतेम एक सेंटिमीटर कमी! मग तेच माप तिथे शोभते आणि आमच्या जीपला का बाधते? कारण तिथे चाकाची पोकळी, पाट्यांऐवजी असलेल्या स्प्रिंगा, ब्रेक, गिअर, स्टिअरिंग, सारे त्या मापाला धरून बेतले आहे. आजोबांच्या सुताराने जे केले तेच तिथल्या इंजिनिअरांनी केले. आता त्याच थारला कॅन्टीनमधील आमचे मित्र ३३ इंची, म्हणजे ८४ सेंटिमीटरचे टायर लावू म्हणतात, तेव्हा ते पुन्हा काकांच्या जागी येऊन उभे राहतात. फरक एवढाच, की काकांना गरज होती.

गरज आणि हौस यांतला हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. शनिवार-रविवारी बोर्डीच्या बाजूला गेलात तर मोठ्या टायरच्या गाड्या वाळूत उतरवणारी मंडळी दिसतात. त्यांतली एखादी रुतते आणि मग गावातला ट्रॅक्टर शोधला जातो. वाळूत टायरच्या उंचीपेक्षा त्यातली हवा महत्त्वाची. तीसच्या आसपासचा दाब पंधरा-अठरापर्यंत उतरवला की साधा टायरही पसरून वाळूवर तरंगतो. फक्त रस्त्यावर परतण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी लागते. हे ज्ञान फुकट आहे, म्हणून कदाचित त्याला मान नाही. हौसेला माझा विरोध नाही. तरुणाने हौस करायची नाही तर कोणी? पण १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेल्या डहाणू तालुक्याचा किनारा हे आपल्या हौसेचे मैदान नव्हे, आणि आपली हौस दुसऱ्याच्या अंगावर जाता कामा नये.

कायद्याचे म्हणणे काय आहे? मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या प्रकरणात हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. आमच्या भागातले जीपवाले यावर हसतात. "कायदा शहरातला, चिखल आमचा," असे ते म्हणतात. त्यांच्या हसण्यात कडवटपणा आहे आणि तो मला कळतो. तरीही मी कायद्याच्या बाजूने आहे. कारण गाडी काकांची असली तरी मागे बसलेली बाई काकांची मालमत्ता नव्हती. मागच्या चाकांवरच्या पत्र्याच्या पेट्या हीच जुन्या जीपमधली बसायची जागा असते. तिथे चाकासाठी जागा कापायची म्हणजे अक्षरशः माणसांच्या बुडाखालची जागा कापायची. ती कापण्यापूर्वी त्या माणसांना कोणी विचारते का?

परंतु कायद्याने नुसते "नाही" म्हणून भागणार नाही. जगात याहून बिकट मुलूख आहेत. आइसलँडमध्ये बर्फावरून जाण्यासाठी जीपगाड्यांना ३८ इंची आणि त्याहूनही मोठे टायर बसवतात. तिथली बचाव पथकेही अशाच गाड्या वापरतात. मात्र तिथे बदललेल्या गाडीची वेगळी तपासणी होते आणि ती बदललेली गाडी म्हणून नोंदली जाते. टायरबरोबर स्टिअरिंग, ब्रेक, गिअर आणि वेगाचा काटा यांचाही हिशेब द्यावा लागतो. म्हणजे गरज मान्य, पण अर्धवट काम अमान्य. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीने बदलांचे निकष आणि मान्यतेच्या अटी ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. त्या दारातून जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी येथील गरजू जीपवाल्याला सन्मानाने आत येता यावे, अशी वाट कोणीतरी आखली पाहिजे. आज त्याच्यासमोर दोनच पर्याय आहेत: चिखलात रुतणे किंवा चोरून गॅसकटर पेटवणे.

आता काकांच्या म्हणण्याकडे येतो. रस्ता! प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, तेव्हा सपाट प्रदेशात ५०० आणि आदिवासी व डोंगरी भागांत २५० लोकवस्तीची गावे बारमाही रस्त्याने जोडण्याचे ठरले. त्या योजनेने पुष्कळ काम केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण आपल्या तालुक्यांतली वस्ती ही एकगठ्ठा नाही. ती पाड्या-पाड्यांनी डोंगरउतारावर विखुरलेली. इथे पंधरा घरे, तिथे वीस. आकड्याच्या चाळणीतून असे पाडे सहज खाली पडतात. ओढ्यापलीकडच्या पंधरा घरांनाही कळा येतात, साप चावतो, परीक्षा असते. त्यांच्यासाठी रस्ता मागणे हा हट्ट नव्हे. याच तलासरीतील झरी गावी १९४५ च्या मे महिन्यात वारली बांधव सभेला जमले आणि वेठ करणार नाही असा निर्धार करून परतले. ज्या मातीत तशी मागणी उगवली तिथे दोन किलोमीटर रस्त्याची मागणी करायला आपण का कचरावे?

कोणी म्हणेल, मग टायरची चर्चा कशाला? रस्ताच मागा. मी म्हणतो, रस्ता यायला वर्षे लागतील आणि पावसाळा जूनमध्ये येतो. दरम्यानच्या काळात जीप ही आमची जीवनवाहिनी आहे आणि ती शाबूत राहिली पाहिजे. म्हणून दोन्ही कामे एकदम करावी लागतील.

केवळ टीका करून थांबणे मला योग्य वाटत नाही, म्हणून दोन सूचना मांडतो. पहिली अशी, की दर वर्षी मे महिन्यात आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने आयटीआयचे शिक्षक आणि परिवहन खात्याचे निरीक्षक यांना विनंती करून परिसरातील जीपांची एक दिवसाची तपासणी ठेवावी. दंडाची पावती फाडण्यासाठी नव्हे. वजन भरून, चाके ओट्यावर चढवून, खडू लावून जीपवाल्याला त्याच्या डोळ्यांनी दाखवण्यासाठी, की टायर कुठे लागतो, कापलेली कड कुठे उघडी आहे, राखीव चाक त्याच मापाचे आहे की नाही. दुसरी सूचना भूगोल विभागाच्या प्राध्यापकांना. आपल्या महाविद्यालयात बहुतेक पाड्यांवरचे विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने पावसाळ्याचे चार महिने एक वही ठेवावी: आपला पाडा किती दिवस तुटला, कोणत्या ओढ्याने तुटला, त्या दिवसांत कोणाला दवाखान्यात न्यावे लागले. त्या वह्यांवरून एक नकाशा करावा आणि तो जिल्हा परिषदेला सादर करावा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी स्थापन झाला, तो कारभार लोकांच्या जवळ यावा म्हणूनच ना? कारभार जवळ आला आहे तर आपणही नकाशा घेऊन चार पावले त्याच्याकडे जाऊ या. वर्गातला भूगोल याहून चांगल्या कामी कोणता येणार?

काकांनी दसऱ्याला ते मोठे टायर विकून टाकले. जीपला पुन्हा मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे पाच टायर घेतले आहेत, पाचवा उधारीवर. ओढ्याच्या उतारावर त्यांनी आणि पाड्यावरच्या पोरांनी दगड-मुरूम टाकून खड्डा बुजवला. दोन दिवसांच्या त्या श्रमदानाने जीपला जेवढी उंची मिळाली, तेवढी चार टायरांनी दिली नव्हती.

मडगार्ड मात्र कापलेलेच आहे. नवे बसवायला पैसे जमलेले नाहीत. नावाप्रमाणे त्याचे काम चिखल अडवण्याचे. आता जीप जाते तेव्हा त्या अर्धचंद्रातून चिखल उडतो आणि वाटेने चालत शाळेत जाणाऱ्या पोरांच्या कपड्यांवर पडतो. काका त्यांना पाहून गाडी सावकाश करतात. ते नवे मडगार्ड बसेपर्यंत आमचा तो वाद पुरता मिटला, असे मी समजणार नाही.

(तृतीय वर्ष कला)